घरची रांग

मधली लेक बोलायची थांबली, तेव्हा पॅकिंगच्या खोलीत सगळ्यात आधी ऐकू आलं ते आप्पांचं हसणं.

“म्हणजे वरची बाग चांगली आणि माझी घरची रांग विषारी,” ते म्हणाले. “पिशव्यांची अदलाबदल झाली असेल, मातीवाल्या बाई. परत एकदा बघा.”

“तीनदा बघितलं, आप्पा. मातीही आणि फळंही.”

“मग चौथ्यांदा बघ.”

समोरच्या टोपलीतून त्यांनी एक अंजीर उचललं, देठ मोडला, बोटांनी फळ उलगडलं आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं. टोपली घरच्या रांगेतलीच होती, दाखवायला आणलेली. चावताना ते मुलीकडे बघत होते. ती पोरगी लहानपणीही अशीच होती, डोळ्याला डोळा भिडवून उभी राहायची, आणि त्या वेळी ते तिचं कौतुक करायचे.

“माझ्या हातची माती आहे ती,” आप्पा म्हणाले. “मला नाही कळणार आणि तुला कळणार?”

वाटणीवरून वाजलं, तेव्हापासून हे घर एका टेबलाशी बसलं नव्हतं. आज बसलं, तेही जेवायच्या टेबलाशी नाही, फळं निवडायच्या लांब टेबलाशी. थोरला वजनकाट्याजवळ, कारण बाजार त्याच्याकडे. धाकटा दाराशी, कारण बाग त्याच्याकडे आणि पायाला चिखल. माई एका उलट्या क्रेटवर बसल्या होत्या. खोलीतली एकुलती एक खुर्ची धाकट्याच्या बायकोला दिली होती, कारण तिला सातवा महिना होता. आप्पा उभेच होते. हरायची भीती वाटली की ते बसत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मातीची तपासणी मुळात थोरल्यानेच मागितली होती. नवा व्यापारी वरच्या बागेचं फळ दूरच्या बाजारात पाठवणार होता आणि त्याला माती स्वच्छ असल्याचा लॅबचा दाखला हवा होता. मधली लॅबमध्येच, दुसऱ्यांच्या माती तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली. तिने वरच्या बागेचे नमुने घेतले आणि जाता जाता खालच्या भिंतीलगतच्या रांगेतलीही थोडी माती पिशवीत भरली. चांगली माती कशी असते ते दाखवायला उपयोगी पडेल, एवढाच विचार होता. दाखला मिळाला वरच्या बागेला. खालच्या मातीत निघालं कॅडमियम, बरोबर निकेल आणि थोडं शिसं. तिचा विश्वास बसेना. मग तिने स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या बरणीतले, माईंनी पाठवलेले सुके अंजीर दळून तपासले. त्यातही कॅडमियम होतं, खाण्याच्या वस्तूत चालतं त्याच्या कितीतरी वर. त्याच बरणीतून तिची मुलं शाळेत जाताना मूठभर घेऊन जायची. त्या दिवशी लॅबच्या जिन्यात बसून ती रडली होती. इथे मात्र रडायचं नाही, असं ठरवूनच ती आली होती.

घरची रांग म्हणजे या घराचा अभिमान. त्या झाडांचं एकही फळ कधी विकलं गेलं नाही. तोडणीच्या बायकांनाही माहीत होतं की भिंतीकडची टोपली पॅकिंगला न जाता गच्चीवर जाते. तिथे पत्र्याच्या ताटांत ते अंजीर उन्हात सुकायचे, मग माई ते पिशव्यांत भरायच्या, आणि या घराशी ज्याचं रक्ताचं नाहीतर लग्नाचं नातं, त्याच्याकडे एक पिशवी जायची. आप्पांच्या बहिणीने, चिमणी आत्याने, मधे दोन वर्षं अबोला धरला होता. तेव्हाही पिशवी गेली आणि आत्याने ती मुकाट्याने ठेवून घेतली.

आणि ती गोडी कुठून आली, हेही आप्पाच सगळ्यांना सांगायचे. तरुणपणी ते प्लेटिंगच्या कारखान्यात फोरमन होते. कड्या, बिजागऱ्या, बोल्ट यांना तिथे चकाकी चढवायचे. धुण्याचं पाणी एका टाकीत साठायचं, त्यात चुना टाकला की तळाशी हिरवट गाळ बसायचा. टाकी रिकामी करायची म्हणजे मालकाला डोकेदुखी. आप्पांनी तो गाळ पाळी संपल्यावर हातगाडीवर घालून घरी आणला, भिंतीलगत पसरला आणि त्यावर झाडं लावली. झाडं तरारून आली. गाळ मिळायचा थोडा, म्हणून तो विकायच्या बागेला घालायचा नाही, हा त्यांचा नियम. चांगलं ते आधी घरच्यांना. लोक उलटं करतात, घरी चांगलं पिकवतात आणि बाजाराला काहीही देतात असं बोललं जातं. आप्पांच्या हातून बाजार वाचला आणि घर सापडलं, तेही निव्वळ मायेपोटी.

थोरला व्यापाऱ्याचा विचार करत होता, आणि जरासा वाटणीचाही. त्या भांडणात मधलीने धाकट्याची बाजू घेतली होती. घर आणि घरची रांग धाकट्याला, वरची बाग अर्धी अर्धी, असं तिच्याच म्हणण्यावरून ठरलं होतं.

“म्हणजे आता वाटणी परत उकरायची?” त्याने विचारलं. “खालची जमीन वाया गेली, म्हणून वरचं जास्त द्या?”

“दादा, मी विषाबद्दल बोलतेय.”

“मी विचारतोय फक्त.”

“ताईने असं कधी म्हटलं?” दारातून धाकटा म्हणाला. “तुझ्या डोक्यातून हिशेब जात नाही, दादा. आणि आप्पा, तिचं बरोबर असणार. कारखान्याचा गाळ म्हणजे काय खत असतं का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला आणायला?”

आप्पांचं चावणं थांबलं. धाकट्याने त्यांना आजवर असं कधी विचारलं नव्हतं.

मधलीला हे नको होतं. पण अर्धं सांगून थांबणं तिला जमण्यासारखं नव्हतं. “थांब,” ती धाकट्याला म्हणाली. “सगळं ऐक. त्या गाळात चुना होता. जमिनीत चुना असला की हे धातू तिथेच धरून ठेवले जातात, मुळांना सहज मिळत नाहीत. इतकी वर्षं बहुतेक तसंच चाललं असेल. आता तिथली माती आंबट झालीय. तू ठिबकच्या नळ्या साफ करायला ॲसिड सोडतोस ना?”

“सगळेच सोडतात. क्षार साचून भोकं बुजतात.”

“वरच्या बागेत सोडलंस तर काही बिघडत नाही, तिथे गाळच नाही. खाली सोडलंस आणि चुन्याने धरलेलं मोकळं झालं.”

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. थोरल्यासमोर जिच्यासाठी तो आत्ता भांडला, तिनेच त्याला तोंडघशी पाडलं होतं.

“वा,” तो म्हणाला. “म्हणजे माझ्यावरच आलं शेवटी.” आणि तो दार सोडून आप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बापलेक महिनोन् महिने खतपाण्यावरून एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता एका बाजूला आले.

खुर्चीवर बसलेली धाकटी सून हे सगळं ऐकत होती. ती गाडी चालवायला शिकवायची. शेजारी बसलेल्याचं चुकत असताना आवाज न चढवता बोलणं, हा तिचा धंदाच होता. पण आज तिचा उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला होता. रक्त कमी आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज सकाळी माई तिच्यापुढे एक वाटी ठेवायच्या. रात्री भिजत घातलेले अंजीर, फुगलेले, मऊ. तिला ते इतके गोड लागायचे की मळमळायचं. पण माई वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं होऊन हे पहिलं मूल होतं. तीही संपवायची.

“ताई,” ती म्हणाली, “बाळापर्यंत जातं का ते?”

कोण कोणाच्या बाजूला उभं आहे, हे त्या क्षणी सगळेच विसरले.

मधली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “बरंचसं वारेत अडतं. सगळंच अडतं असं मी म्हणणार नाही. आजपासून ते बंद. उद्या तुझं रक्त आणि लघवी तपासायची. डॉक्टरांना मी फोन केलाय, ते म्हणाले घाबरू नका, पण उशीरही करू नका.”

“आणि रक्त कमी आहे त्याचं?”

“रक्त कमी असलं की शरीर लोहाला हपापलेलं असतं. त्या घाईत कॅडमियमही आत ओढून घेतं.”

“म्हणजे रक्त वाढावं म्हणून खात होते, आणि…” धाकटीने वाक्य सोडून दिलं. तिने माईंकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही, आणि माईंना ते कळलं.

माई क्रेटवरून उठल्या. त्यांचं मनगट मागच्या हिवाळ्यात साधं ठेचकाळून मोडलं होतं, तेव्हापासून उठताना त्या टेबलाचा आधार घेत. त्या मनगटाचा यात काही संबंध आहे का, हे मधलीने अजून कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ती सांगत नसे.

“धुतले तर जातं का?” माईंनी विचारलं.

“नाही. आत गेलंय.”

“शिजवले तर?”

“नाही, माई. तो धातू आहे, उकळून मरत नाही.”

“उन्हात इतके दिवस असतात, त्याने?”

“वाळवल्यावर पाणी उडतं आणि धातू राहतो. घासाला ताज्यापेक्षा जास्तच जातो.”

माईंनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी फळ धुतलं, शिजवलं, वाळवलं होतं आणि या तिन्हीतून काही ना काही निभावून नेलं होतं. आता तिन्ही दारं बंद झाली. गच्चीवर ताटं पसरलेली होती, आणि तशाच पिशव्या गावोगावच्या कपाटांत होत्या.

“ऐका,” थोरला म्हणाला. आता त्याने बाजू बदलली होती, पण आपल्या पद्धतीने. “तिचं बरोबर आहे. रांग बंद करायची, मी तिच्या बाजूने आहे. पण बाहेर एक शब्द जाता कामा नये. आमच्या बागेत विष निघालं एवढंच लोक ऐकतील. वरची का खालची, कोण विचारतंय? नातेवाइकांना सांगू, यंदा अंजिराला बुरशी लागली, फेकून द्या. काम होतं आणि बोभाटाही नाही.”

पटण्यासारखं होतं. धाकट्यानेही मान डोलावली. आप्पांनी तर सुटकेचा श्वास टाकला. मधली काही बोलणार, तेवढ्यात माई बोलल्या.

“बुरशी म्हटलं तर चिमणीवन्सं पुसून खातील.”

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा धाकटीच. कारण ते तंतोतंत खरं होतं. चिमणी आत्याने आयुष्यात काही फेकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिने अंजीर फडक्याने पुसले असते, ऊन दाखवलं असतं आणि नातवंडांना वाटले असते.

“एकट्या त्याच नाहीत,” माई म्हणाल्या. “मीही तेच केलं असतं. खरं सांगितल्याशिवाय कोणी फेकणार नाही.”

“माई, आत्याला खरं सांगणं म्हणजे चौकात फलक लावणं आहे.”

“लागू दे फलक. तिच्या आधी तू व्यापाऱ्याला सांग. आमची खालची रांग अशी निघाली, वरची बाग स्वच्छ आहे, पाहिजे तर आणखी दहा ठिकाणची माती काढून बघा, असं स्पष्ट सांग. मागाहून त्याला दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर वरचंही बुडेल.”

थोरला आईकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो समजत होता की बाजार आपल्यालाच कळतो. मग त्याने खिशातून फोन काढला, वजनकाट्याच्या पत्र्यावर बोटांनी थोडा वेळ ताल धरला आणि बाहेर जाऊन नंबर लावला.

आप्पा त्याच्या मागोमाग बाहेर पडले, पण ते खाली भिंतीकडे गेले.

धाकटा तिथे पोहोचला तेव्हा त्याच्या हातात करवत होती. रागात माणसाला काहीतरी कापायला लागतं. आप्पा पहिल्या झाडाला टेकून उभे होते. ऊन उतरत होतं, पानांवर धूळ होती, आणि फळं अशी टचटचीत भरली होती की त्यांच्याकडे पाहून कोणाला शंका आली नसती.

“ताई म्हणते जाळायचं नाही,” धाकटा म्हणाला. “राखेत राहतं म्हणे. पालापाचोळाही खताच्या ढिगात टाकायचा नाही. आधी ॲसिड बंद, मग चुना. कापायचं की माती काढून न्यायची, ते तज्ज्ञ येऊन सांगतील.”

“मग करवत कशाला आणलीस?”

त्याने ती भिंतीला लावून ठेवली.

“चुना मीच टाकायचो टाकीत,” थोड्या वेळाने आप्पा म्हणाले. “घमेल्याने. हात भाजायचे. पाणी गटारात सोडायच्या आधी त्यातलं वाईट खाली बसवायचं, म्हणून चुना टाकायचा, असं साहेबांनी सांगितलं होतं. वाईट खाली बसतं, हे मला माहीत होतं.” ते थांबले. “आणि तेच खालचं मी भरून आणलं. कधी डोक्यातच आलं नाही रे. हिरवं दिसलं, झाडाला चांगलं असेल असं वाटलं.”

“मी ॲसिड सोडलं नसतं तर कदाचित…”

“तू नळ्या साफ केल्यास. मी खत घातलं. दोघंही शहाणेच.”

धाकट्याला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते मनात ती वाटी बघत होते. रोज सकाळी चहा पिताना ती त्यांच्या समोरच असायची. ‘अजून दोन घाल तिला,’ असं माईंना कितीदा सांगितलं होतं त्यांनी. सुनेच्या पोटातलं ते मूल आपल्या रांगेवर पोसलं जातंय, या विचाराने त्यांची छाती फुगायची. आता तोच विचार त्यांना सहन होईना. मुलगी खोटी ठरावी म्हणून खाल्लेल्या त्या अंजिराची गोडी अजून जिभेवर होती. त्यांनी भिंतीजवळचा नळ सोडून चूळ भरली. त्याने काही होणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

“चल,” ते म्हणाले.

वर आले तेव्हा गच्चीवरची ताटं खाली उतरली होती. मधली आणि धाकटी मिळून सुकत घातलेले अंजीर जाड पिशव्यांत भरून तोंडं बांधत होत्या. धाकटीने ओझं उचलायचं नाही असं बजावलेलं असल्यामुळे ती नुसत्या गाठी मारत होती, आणि शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तशी नणंदेला सूचना देत होती. थोरला आत आला. “परत तपासणी करतो म्हणाला,” त्याने कळवलं, “स्वतःच्या माणसाकडून. तोवर माल घेणार नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत म्हणाला.” एवढं बोलून तोही पिशव्या बांधायला वाकला.

माई फोन हातात धरून बसल्या होत्या. कोणाकोणाला पिशवी गेली, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण पहिला नंबर काही लागेना, कारण त्या तो लावतच नव्हत्या.

“काय म्हणून सांगू वन्संना?” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताने भरलेल्या पिशव्या.”

आप्पांनी हात पुढे केला. “दे इकडे.”

ते बसले. माईंच्या क्रेटवर, टेबलाला पाठ टेकून. मधलीने ते पाहिलं आणि गाठ मारायची विसरली.

चिमणी आत्या इतकी मोठ्याने बोलायची की फोन कानापासून लांब धरावा लागे. त्यामुळे दोन्ही बाजू सगळ्यांना ऐकू येत होत्या.

“चिमे, अंजिराची पिशवी आहे ना घरात? ती बंद करून कचऱ्यात टाक. झाडाच्या बुडाशी नको टाकूस, कोंबड्यांनाही नको.”

“का? यंदा द्यायचे नाहीत, म्हणून आधीचेही परत? अजून राग आहे वाटतं, भाऊ.”

“राग नाही. त्यात विषारी धातू निघालाय. माझ्या रांगेत.”

“काहीतरीच. मी धुऊन घेईन.”

“धुऊन जात नाही. आत गेलंय.”

“मग शिजवते.”

“उकळून मरत नाही तो. आणि वाळवल्याने उलट वाढतो, पाणी उडतं आणि तो राहतो.”

मधलीने मान खाली घातली. तिचीच वाक्यं होती, जवळजवळ जशीच्या तशी. ती सांगितली तेव्हा आप्पा छताकडे बघत उभे होते.

“अरे, तू जन्मभर खातोयस ते,” आत्या म्हणाली. “तुला काय झालंय?”

हा प्रश्न आप्पांकडेही तयार होता, मुलीला विचारायला राखून ठेवलेला.

“ते डॉक्टर बघतील. उद्या आम्ही सगळे तपासून घेतोय.”

“हे खूळ कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? त्या मातीवाल्या पोरीने? तिला काय कळतं तुझ्या बागेतलं?”

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, डोळ्याला डोळा भिडवून, लहानपणी बघायची तसं.

“तिला कळलं,” ते म्हणाले. “मला नाही कळलं. माझ्या हातची माती आहे ती, चिमे, आणि मी सांगतोय, ती वाईट आहे.”

मग आत्या बोलली, तेव्हा फोन पुन्हा कानाशी धरावा लागला, इतकं हळू.

“सकाळीच दिले रे पोरांना.”

“मग त्यांना घेऊन ये. उद्या आमच्याबरोबरच चला.”

त्यांनी फोन ठेवला. धाकटी खुर्चीतून उठली, त्यांच्याजवळ आली आणि तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला. ती तिथेच शेजारी उभी राहिली.

“पुढचं कोण?” आप्पांनी माईंना विचारलं.

माईंनी नाव सांगितलं, आणि ते नंबर लावू लागले.